पाठीवरचं विशेषण

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमनी वयाच्या बावन्नाव्या वर्षी हेडसरांच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली. चुकून नव्हे. आधी ती नीट वाचली, मनाशी पटवून घेतली, चिकटपट्टी दातांनी तोडली आणि मग चिकटवली. मी त्या शाळेत क्लार्क होतो. चिठ्ठी बघूनही सरांसमोर गप्प बसलेल्या माणसांत माझा नंबर चौथा लागतो, त्यामुळे ही हकीकत सांगायचा थोडाफार हक्क माझ्याकडे येतो.

मॅडम दिसायला अगदी साध्या. उंची बेताची, चष्मा नेहमी कपाळावर आणि नजर चष्मा शोधत टेबलावर. सव्वीस वर्षं त्या नववीला इंग्रजी शिकवत होत्या. चेहरा इतका गरीब की नवीन शिक्षकांना वाटे, यांना वर्ग सांभाळता येत असेल का? आम्ही जुनी माणसं मात्र त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत नसू. एकदा स्टाफरूमच्या घड्याळाचे काटे त्यांनी दहा मिनिटं पुढे केले होते, कारण भूगोलाचे सर रोज दहा मिनिटं उशिरा यायचे. भूगोलाचे सर महिनाभर वेळेवर आले आणि त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपण सुधारलो कसे.

माझं ऑफिस आणि नववीचा वर्ग यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसतं प्लायवूड होतं. त्यामुळे त्यांचा तास मला रोज ऐकू यायचा. नववीचं इंग्रजी मला तोंडपाठ होतं असं म्हटलं तरी चालेल. त्यात एक धडा होता, माणसाच्या स्वभावाचं वर्णन. धड्यात चार विशेषणं दिली होती, ऑनेस्ट, काइंड, ब्रेव्ह आणि पोलाइट. खाली प्रश्न, तुमच्या मित्राचं वर्णन करा. सव्वीस वर्षं मुलं लिहीत आली, माझा मित्र ऑनेस्ट आहे, काइंड आहे, ब्रेव्ह आहे, पोलाइट आहे. सव्वीस वर्षं मॅडम त्याखाली बरोबरची खूण करत आल्या.

त्या वर्षी त्यांचं डोकं फिरलं. बासष्ट वह्यांचा गठ्ठा घेऊन त्या वर्गात आल्या आणि तो त्यांनी टेबलावर आपटला. प्लायवूड हललं.

"तुमचा सगळ्यांचा मिळून हा एकच मित्र आहे का?" त्यांनी विचारलं. "बासष्ट जणांचा एक? मग तो आहे कुठे? मला भेटवा त्याला. इतका चांगला माणूस मी अजून बघितलेला नाही."

त्यांनी वरची वही उघडली आणि त्या मुलाला उभं केलं.

"तुझा मित्र ब्रेव्ह आहे म्हणतोस. कोण रे तो?"

"मॅडम, हा." मुलाने शेजारी बोट दाखवलं.

"हा? काल फळ्यावर पाल आली तेव्हा बाकावर चढून उभा राहिला तो हाच ना?"

वर्ग हसला, बाकावर चढलेला मुलगाही हसला. मॅडम मात्र विचारात पडल्या. मुलांना एकमेकांचे स्वभाव ठाऊक होते, अगदी बारीकसारीक ठाऊक होते. तोंडाने मराठीत अखंड चालूच असायचं, हा चिक्कू आहे, तो भोचक आहे, ती कुणाचं ऐकत नाही. इंग्रजी सुरू झालं की सगळे जण एकदम साधुसंत व्हायचे आणि मुके व्हायचे.

मॅडमचा कुठलाही नवा खेळ वर्गात यायच्या आधी घरी व्हायचा. घरात तिघंच. मॅडम, त्यांचे यजमान आणि सासूबाई. यजमान लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होते. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट बिघडल्या की यांना बोलावणं यायचं. दिवसभर लोखंडी खोक्यांत अडकलेल्या लोकांची आरडाओरड ऐकून ते घरी फारसे बोलत नसत. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी शिंप्याच्या दुकानात काजं केलेली. डोळे अजून शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. सूनबाईच्या प्रत्येक खेळात त्या पहिल्या विद्यार्थिनी असत. शाळेत कधी न शिकलेलं इंग्रजी त्या असे तुकडे तुकडे गोळा करत आणि दाराशी येणाऱ्या माणसांवर वापरत. दूधवाला त्यांना घाबरून असे, कारण त्या त्याला रोज "नॉट पंक्चुअल" म्हणत आणि त्याला वाटे ही काहीतरी दुधाबद्दलची तक्रार आहे.

संध्याकाळी जेवताना मॅडम म्हणाल्या, "आई, आज नवा शब्द. पेशंट."

"हा येतो मला. पेशंट तुझे सासरे होते, शेवटची तीन वर्षं."

"तो नाही. याचा अर्थ सोशिक. धीर धरणारा."

"मग तर ते अजिबात पेशंट नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यात डॉक्टरला यायला पाच मिनिटं उशीर झाला की चप्पल घालून निघायचे. आजारी असून पेशंट नव्हते. लिही हे, मुलांना सांग."

यजमान ताटात बघून हसले. सासूबाईंनी लगेच मोर्चा तिकडे वळवला. "आणि हा लेझी."

"मी?" यजमान पहिल्यांदाच बोलले. "मी लेझी कशावरून? आज सकाळपासून अकरा मजले चढून उतरलोय."

"कशावरून? जगाच्या लिफ्टा वरखाली करतोस, आणि आपल्या न्हाणीघराचं दार आठ महिने झाले हाताने उचलून लावावं लागतंय. त्यावरून."

मॅडमनी हातातला घास खाली ठेवला. "आई, परत म्हणा."

"काय, न्हाणीघराचं दार?"

"नाही, ते आधीचं. कशावरून. तेच, तेच पाहिजे!"

दार त्या रविवारी दुरुस्त झालं आणि वर्गातल्या खेळाला नियम मिळाला. कुणालाही एक विशेषण लावायचं तर त्याच्यापुढे बिकॉज आलंच पाहिजे. बिकॉज नसेल तर चिठ्ठी बाद. नुसतं लेझी म्हटलं तर ती शिवी झाली, मॅडमनी मुलांना सांगितलं, आणि कशावरून हे सांगितलं तर ते वर्णन झालं.

खेळ असा होता. प्रत्येकाने वर्गातल्या कुणाही एकाबद्दल इंग्रजीत एक ओळ चिठ्ठीवर लिहायची, आपलं नाव घालायचं नाही, आणि चिठ्ठी मॅडमच्या हातात द्यायची. कुणाच्या रंगावर, अंगावर, कपड्यांवर, घरावर काही लिहायचं नाही. लिहायचं ते स्वभावावरच. मॅडम पोस्टमन. त्या प्रत्येक चिठ्ठी वाचणार, वाईटसाईट असेल तर फाडणार, आणि बाकीच्या ज्याच्या त्याच्या पाठीवर चिकटवणार. मग सगळ्यांनी वर्गभर फिरायचं. दुसऱ्याच्या पाठीवरचं वाचायचं आणि त्याला सरळ न सांगता इंग्रजीतच प्रश्नांची उत्तरं देत ओळखायला लावायचं. ओळखलं की शेवटी उभं राहून म्हणायचं, मला हे पटतं किंवा पटत नाही, बिकॉज अमुक तमुक.

पहिले दोन दिवस मुलं लाजली. तिसऱ्या दिवसापासून प्लायवूडपलीकडे जो गोंगाट सुरू झाला, त्यात मला माझी आकडेमोड करता येईना. पण तो गोंगाट इंग्रजीत होता. मोडकंतोडकं, लंगडत चालणारं, तरी इंग्रजी. "यू आर हेल्पफुल बिकॉज यू गिव्ह मी युअर होमवर्क." "यू आर पंक्चुअल बिकॉज यू ओपन युअर टिफिन इन सेकंड पिरियड एव्हरी डे." शेवटच्या बाकावर एक जाडजूड मुलगा बसायचा, ज्याला सगळे भोंगा म्हणत. त्याच्या पाठीवर कुणीतरी लिहिलं, "यू आर जंटल बिकॉज यू कॅन बीट अस बट यू डोन्ट." त्याने ती चिठ्ठी वर्षभर कंपासपेटीत ठेवली होती, हे मला त्याच्या आईकडून कळलं.

माझ्याही वाटणीला एक आली. मधल्या सुट्टीत उठलो तर शर्टावर काहीतरी करकरलं. काढून बघितलं, "क्लार्क सर इज क्युरिअस बिकॉज ही हॅज नो वर्क इन इंग्लिश पिरियड." मी मॅडमकडे तक्रार घेऊन गेलो. त्या म्हणाल्या, "चिठ्ठीत चूक काय आहे ते सांगा, मी दुरुस्त करायला लावते." व्याकरणाची चूक नव्हती. मी परत येऊन बसलो.

आता हेडसर. उंच, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेली. हसताना कुणी बघितलेले नाहीत. व्हरांड्यातून जाताना भिंतीच्या कडेकडेने जायचे आणि समोरून कुणी आलं की घड्याळात बघायचे. मुलं त्यांना पुतळा म्हणत. आम्ही मोठी माणसंही मनातल्या मनात तेच म्हणत असू. बोलायचे ते वर बघून. माझ्याशी बोलताना माझ्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे, प्रार्थनेच्या वेळी झेंड्याच्या खांबाच्या टोकाकडे, वर्गात आले तर पंख्याकडे. वर बघून बोलणारा माणूस आपल्याला खालचा समजतो, हा आमचा सरळ हिशेब. त्यामुळे त्यांची दहशत होती आणि त्या दहशतीवर शाळा बरी चालली होती.

थंडीचे दिवस होते. दुपारी पालकसभा होती. सभेच्या आधीच्या तासाला नववीत खेळ रंगात आला होता आणि गोंगाट वाढला म्हणून हेडसर दारात येऊन उभे राहिले. वर्ग थिजला.

"चालू द्या," हेडसर पंख्याला म्हणाले आणि आत येऊन खिडकीजवळ, मुलांकडे पाठ करून, बाहेरच्या मैदानाकडे बघत उभे राहिले.

मुलं दबकत दबकत पुन्हा सुरू झाली. तेवढ्यात टाचणी मॅडमजवळ आली. टाचणी म्हणजे पहिल्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी. दोन वर्षांत तिने वर्गात स्वतःहून एक शब्द उच्चारला नव्हता. नाव विचारलं तरी तिचे कान लाल व्हायचे. तिने चिठ्ठी पुढे केली, मॅडमच्या हातात कोंबली आणि पळून जागेवर जाऊन बसली.

मॅडमनी वाचली. चिठ्ठीवर होतं, "हेड सर इज शाय बिकॉज ही टॉक्स टू द फॅन."

हे सगळं मॅडमनी मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी हसू आलं. मग मी सरांकडे बघितलं. खिडकीशी उभे होते, मुलं आजूबाजूला, आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत असे घट्ट धरलेले. बोटं पांढरी पडली होती हो. आणि मला एकदम दिसलं की ही पोरगी बरोबर बोलतेय. अकरा वर्षं मी त्या माणसाला शिष्ट म्हणत होते, आणि तो बिचारा आमच्याकडे बघायला घाबरतोय."

"मग चिकटवलीत कशाला?"

"पटली म्हणून."

हे झालं गंभीर कारण. मॅडमना मी बरीच वर्षं ओळखतो. सरांची पाठ समोर होती, रुंद होती, लोकरी कोट जाड होता, चिकटपट्टी हातात होती. अशा वेळी ज्या बाईने घड्याळाचे काटे फिरवले होते तिचा हात आवरला नाही, एवढंच.

चिठ्ठी चिकटली. हेडसरांना पत्ता नाही. दोन मिनिटांनी ते वळले, पंख्याला "ठीक आहे" म्हणाले आणि बाहेर पडले. मॅडमना वाटलं, सर केबिनमध्ये जातील, नेहमीसारखा कोट काढून खुर्चीला अडकवतील आणि चिठ्ठी एकटेच वाचतील. पालकसभा त्या साफ विसरल्या होत्या.

हेडसर केबिनमध्ये गेलेच नाहीत. ते आधी स्टाफरूममध्ये गेले. तिथे विज्ञानाच्या सरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि त्यांना एकदम आठवलं की प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या मोजायच्या राहिल्यात. ते निघून गेले. दुसऱ्या होत्या खेळाच्या बाई. त्यांच्या तोंडात शिट्टी होती. हसू दाबायला गेल्या आणि शिट्टी वाजली. हेडसर दचकून वळले.

"काय झालं?"

"काही नाही सर, शिट्टी तपासतेय."

तिसरे आमचे शिपाईमामा. त्यांना इंग्रजी येत नसे. ते लगबगीने माझ्याकडे आले. "साहेब, सरांच्या पाठीवर नोटीस लागलीय. बोर्डावर लावायची ती चुकून तिकडे गेली का?"

"कसली नोटीस?" म्हणेपर्यंत हेडसर स्वतःच ऑफिसात आले, पालकांच्या सह्यांचा कागद मागितला आणि कपाटाकडे वळले. मी वाचलं. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही.

"काही म्हणायचंय?" हेडसरांनी ट्यूबलाइटला विचारलं.

"नाही सर," मी म्हणालो.

का नाही सांगितलं? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. सांगायचं तर वाचून दाखवावी लागली असती, आणि ती ओळ मोठ्याने वाचताना माझा चेहरा सरळ राहिला नसता. शिवाय त्या क्षणी ते ट्यूबलाइटशीच बोलत होते.

हॉलमध्ये दीडशे पालक. हेडसर मंचावर उभे राहिले आणि हजेरी, शिस्त, वह्यांना कव्हर या विषयांवर वीस मिनिटं पंख्याकडे बघून बोलले. तोवर सगळं ठीक. मग परीक्षेच्या तारखा लिहायला ते फळ्याकडे वळले.

आधी कुजबूज झाली. मग तिसऱ्या रांगेतल्या एका बसड्रायव्हर पालकाने, ज्यांचा आवाज इंजिनावर मात करायच्या सवयीमुळे कायम मोठा होता, ओळ वाचली आणि अर्थ लावला.

"काय लिहिलंय हो?" त्यांच्या बायकोने विचारलं.

"लाजाळू."

"कोण लाजाळू?"

"सर."

"अगंबाई! कशावरून?"

"पंख्याशी बोलतात."

हॉलभर हसू फुटलं. हेडसर खडू हातात धरून जागच्या जागी उभे. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजी काठी टेकत मंचावर चढल्या, "थांब रे बाळा, पाठीला काहीतरी लागलंय," म्हणाल्या आणि चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. अख्ख्या शाळेत, अख्ख्या दिवसात, तेवढी एकच बाई नीट वागली.

हेडसरांनी चिठ्ठी वाचली. मी दारात उभा होतो, मला त्यांचे कान दिसत होते. ते लाल झाले होते, अगदी टाचणीसारखे. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी खोल श्वास घेतला, घसा साफ केला आणि बोलण्यासाठी मान वर केली. सरळ पंख्याकडे.

मग जे हसू झालं ते आधीच्या दसपट. बसड्रायव्हरसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हेडसरांचं एक मात्र मानलं पाहिजे. ते खाली उतरून गेले नाहीत. हसू थांबेपर्यंत उभे राहिले, चिठ्ठीची घडी केली, आतल्या खिशात ठेवली, उरलेल्या तीन तारखा फळ्यावर लिहिल्या आणि सभा पुरी केली.

मी धावत नववीत गेलो आणि मॅडमना सांगितलं. "सगळ्यांसमोर?" त्यांनी विचारलं. "दीडशे माणसांसमोर?" खोडी काढल्याचा पश्चात्ताप मी त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. तो मीच टाइप केला. सदर प्रकारामागील शैक्षणिक हेतू काय, याचा खुलासा दोन दिवसांत करावा. घरी मॅडमनी मेमो वाचून दाखवला तेव्हा यजमान म्हणाले, "नोकरीवर येईल का गं?"

"येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "मी हिला काजं शिकवते. पण आधी मला सांग, साहेब खरंच लाजतो का?"

"खरंच लाजतात, आई."

"मग तू माफी माग. लाजऱ्या माणसाला चारचौघांत नाही उभं करायचं. तो चोरासारखा मरतो. तुझा नवरा लग्नात दीड तास न्हाणीघरात लपला होता, मी ओढून आणला."

"आई!" यजमान म्हणाले.

मॅडमनी खुलासा लिहिलाच नाही. त्या सरळ केबिनमध्ये गेल्या. जाबजबाब टिपून घ्यायला मला बसवलं होतं.

"सर, माझं चुकलं," मॅडम म्हणाल्या. "सभा आहे हे मी विसरले. लोकांसमोर व्हायला नको होतं. त्याची मी माफी मागते."

"आणि चिठ्ठीची?" हेडसर भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले.

"चिठ्ठीची नाही मागत. चिकटवली मी. ती खोटी असती तर मी फाडली असती."

माझं पेन कागदावर टेकलेलं, पुढे काय लिहावं कळेना.

"लिहिली कुणी?"

"ते नाही सांगणार सर. खेळाचा नियम आहे."

"मी या शाळेचा मुख्याध्यापक आहे."

"हो सर. पण खेळात चिठ्ठी मिळालेले आहात."

मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता संपलं. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर हेडसरांनी खिशातून ती घडी काढली होती आणि ती उलगडून टेबलावर सारखी करत होते.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. मग कॅलेंडरला विचारलं, "चिठ्ठी मिळालेल्याने पुढे काय करायचं असतं?"

"उभं राहून सांगायचं असतं, सर. पटतं की पटत नाही. आणि का. इंग्रजीत."

"मराठीत चालणार नाही?"

"नाही सर. इंग्रजीचा तास आहे."

शुक्रवारी हेडसर नववीत आले. मी अर्थातच प्लायवूडला कान लावून होतो आणि शिपाईमामाही माझ्याशेजारी होते, एक अक्षर कळत नसताना. वर्गात टाचणी टाकली तरी आवाज आला असता. आपली टाचणी तर बाकाखाली पडलेलं पेन्सिलीचं टोपण तीन मिनिटं शोधत होती, असं मॅडम म्हणाल्या.

"आय ॲग्री," हेडसर म्हणाले. थांबले. "बिकॉज यू आर सिक्स्टी टू अँड आय ॲम वन."

आधी कुणाला कळलंच नाही की हा विनोद आहे. मग भोंगा हसला, आणि मग सगळे. मॅडमनी सांगितलं की पहिलं वाक्य ते पंख्याकडे बघून बोलले, दुसरं फळ्याकडे बघून, आणि नंतर दाराशी जाताना त्यांनी पहिल्या रांगेवरून नजर फिरवली, अगदी घाईघाईत, माणूस गरम तव्यावरून बोट फिरवतो तशी. पण फिरवली. टाचणीने त्या वेळी मान वर केली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांचेही कान लाल झाले. चिठ्ठी कुणाची, हे हेडसरांना तेव्हाच कळलं असणार. ते कुणाला बोलले नाहीत.

मेमो मी फाइलला लावला. खुलाशाच्या जागी हेडसरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, "तोंडी खुलासा प्राप्त. समाधानकारक." वर्षाअखेरीच्या गोपनीय अहवालात प्रत्येक शिक्षकाच्या स्वभावाचा एक रकाना असतो. अकरा वर्षं ते सगळ्यांच्या नावापुढे "चांगला" लिहीत आले होते. त्या वर्षी मॅडमच्या रकान्यात त्यांनी "खोडकर" लिहिलं. वरच्या कार्यालयातून अहवाल परत आला, असा शेरा चालत नाही, बदलून द्यावा. हेडसरांनी तो तसाच परत पाठवला. पुढे काय झालं ते कळलं नाही. बहुधा तिकडे कुणीतरी कंटाळलं.

मार्चात तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावचे परीक्षक आले होते. वीस वर्षांचा अनुभव असलेले गृहस्थ, एका मुलाला दीड मिनिट या हिशेबाने ते दुपारी एकला मोकळे होणार होते. विषय तोच, मित्राचं वर्णन करा. एक वाजला, दोन वाजले. मी चहा पाठवला तो गार होऊन परत आला. आत एकेक मूल चार-पाच मिनिटं बोलत होतं आणि परीक्षक मध्येच त्यांना प्रश्न विचारत होते, "अँड देन? व्हॉट डिड युअर फ्रेंड डू?" चार वाजता ते बाहेर आले तेव्हा टाय सैल झाला होता.

"ती पहिल्या रांगेतली बारीक मुलगी कोण हो?" त्यांनी सही करता करता विचारलं.

"का, सर? काही चुकलं का?"

"चुकलं? मी तिला म्हटलं, मित्राचं नको, माझंच वर्णन कर बघू. मला वाटलं गडबडेल. इतक्या हळू आवाजात म्हणते, सर, तुम्ही उदार आहात, कारण माझ्या आधीच्या मुलाला तुम्ही पूर्ण गुण दिलेत, मी कागदावर बघितलं. आणि तुम्ही अजूनही उदारच आहात अशी आशा आहे."

"मग?"

"मग काय. दिले."

मॅडम त्यानंतर सहा वर्षांनी निवृत्त झाल्या. सासूबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या, शेवटच्या आठवड्यात डॉक्टरला "नॉट पंक्चुअल" म्हणून. घर रिकामं वाटतं म्हणून मॅडम आता दुपारी एका नर्सिंग होममध्ये जातात. तिथल्या नर्सना परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजी बोलायला शिकवतात. मागच्या आठवड्यात मी गुडघा दाखवायला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या वर्गाच्या दाराशी थांबलो. मुलाखतीत स्वतःच्या स्वभावातला दोष विचारतात, त्याचा सराव चालला होता.

"मॅडम, दोष सांगितला तर नोकरी कोण देईल?" एका धिप्पाड हेडनर्सने विचारलं.

"खरा सांगायचा," मॅडम म्हणाल्या, "पण छोटा सांगायचा."

हेडनर्सने बराच विचार केला. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, "आय ॲम व्हेरी, व्हेरी अँग्री."

मॅडमचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "अहो, छोटा सांगा म्हटलं ना?"

"हा छोटाच आहे, मॅडम," हेडनर्स म्हणाली. "मोठा अजून सांगितलाच कुठे?"